सगळे टॅक्स धरून

चहाला चार जण जमले की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘तुझ्या शेठचं सांग ना.’ मी आधी आढेवेढे घेतो, मग तासभर माझं तोंड बंद होत नाही. काय करणार? उल्हासनगरात बसून लंडन-टोरांटोला कपडे विकायचे म्हटल्यावर किस्से साठणारच. त्यातून टॅक्स हा विषय. आमच्यातल्या एकालाही तो धड कळत नव्हता.

दोन हजार सहा-सात साल असेल. खाली दुकानात लेहंगे, साड्या, लेडीज सूट. वर पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर, ते आमचं ‘ऑनलाइन’. मालक लच्छूशेठ, सिंधी, साठी ओलांडलेले. वेबसाइट ही त्यांच्या मुलाची, विकीची हौस. मी बदलापूरहून यायचो आणि ऑर्डरी बघायचो. अंबरनाथची विद्या गिऱ्हाइकांचे मेल आणि फोन सांभाळायची. तिच्या नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती. घर तिच्या पगारावर चालायचं.

*

टोरांटोच्या एका बाईंना आम्ही बिलात महाराष्ट्राचा वॅट लावला. सगळ्यांना लावतो तसा त्यांनाही लावला! बाईंनी अगदी सभ्यपणे लिहिलं, की मी कॅनडात राहते, तर महाराष्ट्र सरकारला मी पैसे का द्यायचे?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मुद्दा बरोबर वाटत होता. विकीने सीएंना फोन लावला. सीए म्हणाले, अरे बाबांनो, देशाबाहेर जाणाऱ्या मालावर हा टॅक्स लागतच नाही, तुम्हाला लावायला सांगितला कोणी?

शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, ‘वॅट निकाल दो. टोटल वही रखना.’

बाईंना कळवलं की टॅक्स काढला आहे. त्यांनी थँक्यू लिहिलं आणि मैत्रिणीलाही आमचा पत्ता दिला.

*

अमेरिकेतल्या एका मराठी प्राध्यापकांनी मुलीसाठी ड्रेस मागवला. ड्रेस पोचला, मुलीला आवडला. मग त्यांचा मेल आला. तुम्ही माझ्या राज्याचा सेल्स टॅक्स घेतलेला नाही, तेव्हा तो मला स्वतःच भरायचा आहे, कृपया व्यवस्थित बिल पाठवा.

मेल वाचून दाखवला तसा शेठचा चेहरा उतरला. उभा जन्म धंद्यात गेला, पण स्वतःहून टॅक्स भरायला निघालेला माणूस त्यांनी बघितला नव्हता.

‘साईं,’ ते मला म्हणाले, ‘ये गिराक नहीं है. इन्स्पेक्टर है.’

मी कपाळावर हात मारला. तिकडे अशी पद्धत आहे, माणूस सरळ आहे, हे परोपरीने सांगून पाहिलं. ऐकतील तर शप्पथ! त्या दिवसापासून प्राध्यापकांसाठी दुकानातली प्रत्येक वस्तू ‘आउट ऑफ स्टॉक’. बिचारे दिवाळीपर्यंत विचारत होते.

*

आमच्याकडे कपड्याच्या टॅगवर दुप्पट किंमत लिहायची पद्धत. गिऱ्हाइकाने ती बघून भुवया उंचावायच्या, उठून जायला निघायचं, आणि शेठनी छातीवर हात ठेवून, नुकसान सोसून निम्म्यावर यायचं. दोन्ही बाजू खूश. वेबसाइटवर मात्र खरी किंमत. पण पार्सल बांधताना टॅग काढायचं कोणाच्या डोक्यात आलंच नाही.

इंग्लंडमध्ये कस्टमवाल्यांनी एक पार्सल उघडलं. आत बिलावर एक किंमत, टॅगवर बरोबर दुप्पट. त्यांना वाटलं, आम्ही किंमत लपवतोय. त्यांनी टॅगवरच्या किमतीवर टॅक्स लावला. विद्याने मेल लिहिला, की टॅगवरची किंमत खरी नसते. तिकडून उत्तर आलं, मग लिहिता कशाला?

विद्याने ते शेठना विचारलं. शेठ म्हणाले, ‘भाव करने को कुछ तो चाहिए ना!’

हे इंग्रजीत कसं लिहायचं ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्यानंतर पार्सल बांधायच्या टेबलावर एक कात्री कायमची ठेवली.

*

पण खरा घोळ वेगळाच होता. वेबसाइट सुरू झाली तेव्हा विकीने विद्याला सांगितलं होतं, की मजकूर तूच भर. तिने खाली दुकानात लावलेली पाटी इंग्रजीत जशीच्या तशी उतरवली: ‘किंमत सगळे टॅक्स धरून’. उल्हासनगरात याचा अर्थ सरळ आहे. ठरलं त्याच्या वर एक पैसा मागणार नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकांनीही सरळच अर्थ घेतला, की आमचं सरकार जो टॅक्स लावेल तोही हे लोक भरणार!

कॅनडातून टॅक्स भरल्याची पावती आली, ऑस्ट्रेलियातून आली. शेठ कुरकुरले, पण ‘लिखा है तो देना पडेगा’ म्हणत पैसे पाठवत राहिले. विकीने ती ओळ काढून टाकली आणि विद्याला सगळ्यांसमोर सुनावलं, की या ओळीवरून एक जरी गिऱ्हाईक गेलं तर उद्यापासून येऊ नकोस. दुपारचा डबा तिने तसाच परत नेला. मला फार वाईट वाटलं तिचं.

आणि एक ऑर्डर ती ओळ काढायच्या आधीचीच होती.

*

लेस्टरच्या एका सिंधी गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचा लेहंगा मागवला होता. दुकानातला सगळ्यात भारी. तो तिकडच्या कुरियरच्या गोदामात अडकला. कुरियरवाले म्हणत, टॅक्स भरा आणि घेऊन जा. रविवारी लग्न, आणि हे गृहस्थ हटून बसलेले. तुम्ही लिहिलंय, तुम्ही भरा.

शेठनी कबूल केलं. पण आमचे पैसे तिकडे पोचेपर्यंत नवरी सासरी गेली असती. आम्ही विनवलं, आत्ता तुम्ही भरा, आम्ही लगेच परत करतो. नाही म्हणजे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणे! विकी ओरडून झाला, शेठ सिंधीत गोड बोलून झाले. शेवटी विकीने फोन विद्याच्या हातात दिला. ‘तूने लिखा, तू निपट.’

मला वाटलं, गेली हिची नोकरी.

विद्याने आधी नमस्ते केलं, मुलीची तब्येत विचारली. मग म्हणाली, ‘अंकल, आपका प्रिन्सिपल एकदम सही है. आप मत भरो. आप सिर्फ लडकेवालों का नंबर दो. मैं उनको बोलती हूँ टॅक्स भरने को. पैसा हम उनको भेज देंगे.’

मग गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, ‘बेटी, तुम किसी को फोन मत करना.’

अर्ध्या तासात कुरियरचा मेल आला, की टॅक्स भरला, माल सुटला. शेठनी ठरल्याप्रमाणे पैसे पाठवले आणि खालून सगळ्यांसाठी लस्सी मागवली.

विकी लस्सीचा ग्लास घेऊन विद्याच्या टेबलाशी आला. जरा ओशाळला होता. म्हणाला, ‘और नंबर दे देता तो?’

‘नसता दिला,’ विद्या म्हणाली. ‘माझ्या लग्नात मंडपवाल्याने उरलेल्या पैशांसाठी माझ्या पप्पांकडे मुलाकडच्यांचा नंबर मागितला होता.’