एर्मिनियाची सुई

उलुआ नदीकाठच्या आमच्या केळीच्या मळ्यावर माझी वहिनी एर्मिनिया दवाखान्याची स्वयंसेविका होती. शाळा तिसरीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज एकत्र कॉफी व्हायची.

मळ्यावरची रेइना आमच्या घरी आली तेव्हा तिच्या दंडाला चिंधी बांधलेली होती. दिवस राहू नयेत म्हणून दवाखान्याने कातडीखाली बसवलेली काडी तिच्या नवऱ्याने, तिबुर्सियोने, दाढीच्या पात्याने कापून काढली होती. पाचव्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती; सहाव्यात वाचणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. तिबुर्सियोचं म्हणणं एकच. जी बाई पोटुशी राहत नाही, ती दुसऱ्याकडे जाते.

एर्मिनियाने सगळी साधनं टेबलावर मांडली. दवाखान्यात ती कुठलं किती खात्रीचं ते सांगायची. घरी एकच प्रश्न असायचा, नवऱ्याला सापडेल का?

"गोळ्या रोज घ्यायच्या. ठेवशील कुठे?"

"तो पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालतो, मावशी."

"तांबी दहा वर्षं टिकते, पण तिला दोरा असतो. बोटाला लागला तर ओढून काढेल मेला."

"आणि निरोध?" मी विचारलं.

"तो तिबुर्सियोला तूच नेऊन दे. जिवंत परत आलीस तर कॉफी पाजते."

रेइना हसली. फाटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं.

उरलं इंजेक्शन. कमरेत टोचलं की तीन महिने बघायला नको, आणि मागे काही राहत नाही. "पाळी मात्र थांबेल," एर्मिनिया म्हणाली.

पाळी थांबली. तिबुर्सियोला वाटलं दिवस गेले, आणि त्याने अख्ख्या गुत्त्याला दारू पाजली. मारही थांबला. रेइनाने त्याला तसंच वाटू दिलं, दुसरी सुईही घेऊन आली. पण सहावा महिना संपत आला तरी पोट सपाट. केळी धुण्याच्या हौदावर माणसं त्याला विचारू लागली, "काय रे, पोर वाटेत अडकलं का?"

एके दिवशी त्याने काठीने रेइनाच्या दोन बरगड्या मोडल्या. तिने एर्मिनियाचं नाव घेतलं नाही. पण मळ्यावर सुई टोचणारी एकच होती; तो कोयता घेऊन आमच्या दारात आला.

"काय टोचलंस माझ्या बायकोला?"

"तुझी बायको माझ्याकडे येत नाही," एर्मिनिया म्हणाली.

"खोटं बोलतेस, रांडे!"

कोयता उतरला. तिने हात आडवा धरला आणि उजव्या हाताची तीन बोटं उंबऱ्यावर पडली. मी चुलीवरचं घेवड्याचं उकळतं पातेलं उचलून त्याच्या तोंडावर ओतलं. तो गुरासारखा ओरडला. मला दया आली नाही, आजही येत नाही.

माणसांनी त्याला बांधून पोलिसांच्या ताब्यात दिलं. एर्मिनियाला सान पेद्रोच्या इस्पितळात न्यायला ट्रकमध्ये चढवताना तिने मला जवळ ओढलं.

"रेइनाची सुई आज आहे. ट्रंकेत, कपड्यांखाली. कमरेत दे, नंतर चोळू नकोस."

"वहिनी, आधी स्वतःचा हात बघ!"

"तो गेलाच आहे. तिला आजच दे."

रेइना बरगड्या धरून आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा सुई नीट घुसलीच नाही. दुसऱ्यांदा घुसली.

नवव्या दिवशी पोलिसांनी तिबुर्सियोला सोडलं. भाजलेलं तोंड घेऊन तो सरळ घरी गेला, दाराला आतून कडी घातली आणि बायकोला जमिनीवर पाडलं. तिच्याकडे सुईचे अजून एक्क्याऐंशी दिवस होते.