चांदीची शाई घुसळायची नसते

साल २०२३, माझं वय चौसष्ट. शिरवळच्या कारखान्यात साहेब माझ्या टेबलापुढं उभे होते आणि मीटर गप्प होता.

मीटर गप्प म्हणजे वीज तुटली. आम्ही रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकवर चांदीच्या शाईनं रेघा छापत होतो. ती पट्टी कोपरावर चिकटवली की हात किती वाकतो ते डॉक्टरांना कळतं. पट्टी सरळ असताना मीटर वाजायचा. ताणली की बंद. आठ दिवस हेच.

"काका, तुमचा हात जड पडतोय," साहेब म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येणार. आज पट्टी टिकली नाही तर हे टेबल बंद. छपाई मशीनवर, तुम्ही पॅकिंगला."

मी चौथी शिकलेला. पण वाईत तीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या. माझ्या हाताला जड म्हणणारा तोवर भेटला नव्हता.

"हात जड न्हाई. शाईच मेलीया."

"परदेशातनं आलीय शाई. ती कशी मरेल?" मेघना मॅडम म्हणाल्या. त्या सांगलीच्या, आमच्या इंजिनिअर.

"आवं मॅडम, तुमीच मारली. रोज मिक्सरला लावून."

शाई बाटलीत तळाला बसते. म्हणून छपाईआधी मॅडम तिला मिक्सरमध्ये अर्धा तास जोरात घुसळायच्या. पत्रिकेची चांदी अशी घुसळली तर वरचा गणपती राखाडी निघतो. ती बाटली मांडीवर लोळवायची असते.

"ही शाई वेगळी आहे, काका. हिच्यात चांदीच्या तारा आहेत. केसाहून हजारपट बारीक. एकीवर एक पडतात, म्हणून वीज पुढं जाते. त्यालाच नॅनो म्हणतात."

"मंग तार लांब बरी का तुकडा?"

"लांब."

"आमच्या गावाकडं, आटपाडीला, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालत्यात. फांद्या लांब असल्या तर वढलं तरी एकीत एक अडकून ऱ्हातं. तुकडं केलं तर नुसता ढीग."

मॅडमनी मिक्सरकडं बघितलं. मग साहेबांकडं वळल्या. "सर, मिक्सरमध्ये तारा तुटत असतील."

न घुसळलेली एकच बाटली शिल्लक होती, उद्यासाठी ठेवलेली. साहेब ती सोडेनात.

"वाया गेली तर?"

"तर मी आपल्या पायानं पॅकिंगला जातो."

बाटली टॉवेलात गुंडाळली आणि तासभर मांडीवर लोळवली. पॅकिंगचा दत्ता येऊन बघून गेला. "काका, बाळ निजवताय व्हय?"

"व्हय. तुझ्यासारखं बोंबलत न्हाई हे."

मग जाळीवर शाई ओतली आणि स्क्विजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, फिरवली. हात तोच, दाबही तोच. मुद्दाम.

भट्टीत वाळल्यावर मॅडमनी पट्टी स्वतःच्या कोपरावर चिकटवली. हात वाकवला. मीटर वाजत राहिला. मग ती ताणायच्या मशीनवर चढवली. शंभर वेळा ताणली, तरी वाजतच होता.

"बंद करा तो मीटर," साहेब म्हणाले. "डोकं उठलं."

टेबल माझ्याकडंच राहिलं. एवढंच सांगतो, छपाई बिघडली तर हाताकडं बोट दाखवायच्या आधी बाटली बघावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी मिक्सर कपाटात घातला, कुलूप लावलं, आणि उरलेल्या शाईची बाटली साहेबांच्या हातात दिली.

"बसा," म्हणालो. "मांडीवर घ्या."