हेड उतरवा, बाकीचं राहू द्या

फोन आला तेव्हा मी नातवाला वरणभात भरवत होते. प्रमोद हॉस्पिटलमधून म्हणाला, "आई, बाबा गेले." मी हातातला घास भरवला, नातवाचं तोंड पुसलं, आणि मग खाली बसले. याला दोन महिने होतील. रडू कमी येतं, राग जास्त येतो.

हे बसडेपोत एकतीस वर्षं फिटर होते. चालत्या इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. इथे अमेरिकेत, नोव्हायला, मुलाकडे दोन गाड्या. नवी तो ऑफिसला न्यायचा. जुनी सुनेकडे, तिच्यातूनच आम्ही दोघं देवळात, बागेत जायचो. पानगळीच्या दिवसांत ती पांढरा धूर सोडायला लागली. यांनी तेलाचं झाकण काढलं, तर आत दुधासारखा फेस. म्हणाले, "इंजिनाच्या वरच्या हेडचं गॅस्केट गेलंय, पाणी तेलात उतरतंय. हेड उतरवा, घासून सपाट करून घ्या, गॅस्केट नवं घाला. खालचं इंजिन चांगलं आहे, त्याला हात लावू नका."

प्रमोद म्हणाला, "बाबा, इथल्या गाड्या वेगळ्या असतात."

"असतील. पण पाणी इथेही तेलात घालत नाहीत ना?"

शनिवारी त्याचे मित्र जेवायला आले होते. जेवण झाल्यावर सगळे गॅरेजमध्ये गाडीभोवती जमले. सगळेच गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनिअर. एक सीटचं काम करतो, एक दाराच्या कुलपांचं, आमचा ब्रेकचं. इंजिन उघडलेलं त्यांच्यात कोणीच नव्हतं. तरी एक म्हणाला, पूर्ण इंजिन बदल. दुसरा म्हणाला, "यार, स्क्रॅप कर." हे बोलायला गेले तर सीटवाला म्हणाला, "काका, तुम्ही रिलॅक्स करा, बाहेर थंडी आहे." हे आत आले आणि हात धुतले. हाताला काही लागलेलंही नव्हतं... मी विचारलं, "गप्प का बसलात?" तर म्हणाले, "त्याचं घर आहे." त्या उत्तराचा मला अजून राग आहे. चहाचा ट्रे घेऊन मीही तिथेच उभी होते आणि मीही गप्प होते, त्याचाही आहे.

गाडी स्क्रॅपला द्यायची ठरली आणि तशीच पडून राहिली. आमचं बाहेर जाणं थांबलं. शेवटचे दोन महिने हे खिडकीशी बसून बर्फ बघायचे.

तेराव्याला तेच मित्र आले. सीटवाला म्हणाला, "काकांना काय नॉलेज होतं." पुरुषांसमोर मी कधी बोलत नाही. पण मी म्हणाले, "मग ऐकलं का नाहीत?" आणि तिथेच प्रमोदला म्हटलं, "हेड उतरवून घे. बाकीचं राहू दे."

"आई, आता कशाला..."

"ते म्हणाले होते तेवढंच कर."

त्याने गावातल्या एका लहान गॅरेजात गाडी ओढून नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने हेड उतरवल्यावर त्याला बोलावून दाखवलं. दोन सिलिंडरांच्या मधे गॅस्केट जळलेलं होतं. खाली सगळं स्वच्छ. मेकॅनिकने विचारलं, "न उघडता हे ओळखलं कोणी?" प्रमोद हे मला स्वयंपाकघरात उभ्यानेच सांगत होता आणि सांगता सांगता रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. पोळ्या लाटत राहिले.

गाडी आता एका चावीत सुरू होते, धूर नाही. सून म्हणते, "आई, चला देवळात." मी अजून बसलेली नाही तिच्यात.

रविवारी सकाळी प्रमोद बॉनेट उघडतो, इंजिन चालू ठेवतो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान जराशी तिरकी करून ऐकत उभा राहतो. ही सवय त्याला आधी नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची फक्त पाठ दिसते. परवा त्याने वळून विचारलं, "आई, आवाज बरोबर वाटतो का गं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस." आणि खिडकी लावून घेतली.