वाणातलं पुस्तक

पुस्तक लिहिणाऱ्याने ते खपवायलाही शिकावं, असं लातूरच्या माझ्या प्रकाशकांनी बजावलं आणि टेम्पोने गठ्ठे आमच्या नांदेडच्या घरी उतरवून दिले. लिहिताना मी कुणाला घाबरले नव्हते, पण विकायचं म्हटलं की तोंड उघडेना. वजिराबादच्या एका दुकानात गेले, तर मालक पान उलटायच्या आधीच म्हणाले, "ताई, स्पर्धा परीक्षेचं काही हाय का?" घरच्या ग्रुपवर टाकलं, तर नातेवाइकांनी भराभर अंगठे दाखवले आणि पुस्तक एकानेही मागितलं नाही. गठ्ठे दिवाणाखाली गेले. रोज झाडू मारताना आडवे यायचे.

त्या पुस्तकातला सगळ्यात बरा लेख अक्कांवर आहे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्याबरोबरच राहतात. भाऊजी गेल्यावर पहिल्या संक्रांतीला त्या स्वैपाकघरात जाऊन बसल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, सगळ्या बायकांसमोर हळदीकुंकू लावलं आणि पहिलं वाण त्यांच्या ओटीत घातलं. पुढे दरवर्षी तसंच करत आले. त्याचाच लेख झाला. लेखात मी फार शूर दिसते.

यंदाच्या संक्रांतीला मला युक्ती सुचली, की वाण म्हणून पुस्तकच द्यायचं. वाणाला कोणी नाही म्हणत नाही. चाळणी दिली तरी घेतात, कंगवा दिला तरी घेतात. "चाळणी कामाला तरी येती," अक्का म्हणाल्या, पण प्रत्येक प्रतीवर तिळगुळाची पुडी त्यांनीच बसून बांधली.

माझा खरा डोळा एकाच पाहुणीवर होता. त्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. त्यांनी मनावर घेतलं तर संस्थेच्या सगळ्या कॉलेजांच्या लायब्ररीत माझं पुस्तक जाणार होतं. आमंत्रणासोबत एक प्रत मी आधीच धाडली होती. ती त्या वाचतील असं मात्र मला वाटलं नव्हतं. मोठ्या घरची, जुन्या वळणाची बाई, असं ऐकून होते. अक्का बाहेर बसलेल्या त्यांना चालतील की नाही, या विचाराने मला दिवसभर काही सुचेना. शेवटी दुपारी म्हणाले, "अक्का, आज जरा आतलं बघाल का? चहाचं वगैरे?"

अक्कांनी ठेवणीतली साडी नेसली होती. "बघते की," म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या. त्यांना काही कळलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. तसं म्हणणं सोयीचं होतं.

संध्याकाळी बायका जमल्या, त्या बाईही आल्या. मी कुंकवाचं बोट पुढे केलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या जाऊबाई कुठं आहेत? लेख वाचून मी रडले हो. आधी त्यांना लावू या, मग मला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला फक्त एक हाक मारायची होती. पण हाक मारली असती, तर अक्का आज आत का, हे सगळ्यांना कळलं असतं. मी म्हणाले, "त्या लोह्याला गेल्यात. माहेरी."

आतला कपबशांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने चहाचा ट्रे पडद्याखालून हळूच बाहेर सरकला. सकाळीच अक्कांबरोबर तीळ निवडून गेलेली शेजारीण आपल्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिली. मी ट्रे उचलला आणि हसत हसत चहा वाटला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हसत होते.

निघताना बाई म्हणाल्या, "सगळ्या कॉलेजांना सांगते पुस्तक घ्यायला." ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते झालं होतं.

सगळ्या गेल्यावर आत गेले. कप धुऊन पालथे घातले होते. अक्का पिशवीत साड्या भरत होत्या.

"कुठं निघालात, अक्का?"

"लोह्याला."

"अहो, माझं चुकलं. मी त्यांना सांगते, उद्याच जाऊन सगळं खरं सांगते."

"काही सांगू नको. एवढ्या बायांपुढं बोललीस. उद्या मी कुणाला दारात दिसले, तर लोक काय म्हणतील? आत्ता कुठं तुझं पुस्तक चालायला लागलंय."

त्या रागाने बोलल्या असत्या, तर पाय धरून रडता तरी आलं असतं. पण त्यांना खरंच माझ्या पुस्तकाची काळजी होती. ऑटोत बसताना त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, गल्लीत कुणी ओळखू नये म्हणून.

पंधरवड्यात कॉलेजांची मागणी आली. दिवाणाखालचे गठ्ठे गेले. प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचं विचारतात, आणि अक्कांवरचा लेख सगळ्यात पुढे घ्या म्हणतात. मी रोज फोन करते, तर अक्का आधी हेच विचारतात, "लोक विसरले का गं? येऊ का आता?"