बिडाचा हूक

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत आणि तिच्या पाठीमागे टणटणताई. हे नाव तिच्या हातोडीमुळे पडलेलं. वीतभर लांबीची ती हातोडी घेऊन तपासणी विभागात तिने सत्तावीस वर्षं काढली होती. समोर येईल त्या भागावर एक टोला मारायचा आणि कान द्यायचा. घडीव पोलाद टण्ण वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. ओतीव बीड ठप्प म्हणून गप्प बसतं. आता विभागात पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं आली होती, तिला ती चालवताही येत होती, पण हातोडी काही तिच्या खिशातून गेली नाही.

तिच्या खोलीच्या डाव्या भिंतीपलीकडे फौंड्री होती आणि उजव्या भिंतीपलीकडे फोर्ज शॉप. डावीकडे तिचा थोरला भाऊ वितळलेलं बीड वाळूच्या साच्यांत ओतून घ्यायचा. उजवीकडे धाकटा भाऊ लालभडक पोलाद मोठ्या हॅमरखाली धरून घडवायचा. दोघेही तिच्यापेक्षा लहान. दोघांनाही इथे तिनेच चिकटवलेलं, आणि त्याचा पश्चात्ताप ती दर रविवारी दुपारी करत असे, कारण रविवारी दोघेही तिच्याकडे जेवायला यायचे.

पहिला घास पोटात जायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं.

"पंपाची बॉडी घडवून दाखव," थोरला म्हणायचा. "आत पोकळी, बाजूला तीन तोंडं, वळणं. तुझा हॅमर जन्मभर आपटत बसला तरी जमणार नाही. मी एकदा ओतली की झाली."

"ओतली की झाली आणि पडली की फुटली," धाकटा म्हणायचा. "दादा, अरे, घडवताना लोखंडाचे तंतू वळणाबरोबर वळतात. तुझ्या बिडात तंतू कुठले? आत बुडबुडे. वरून गोंडस, आतून पोकळ."

बावीस वर्षं हेच. ताईचे कान किटले होते. तिच्या दृष्टीने हा वाद दोन वाक्यांत संपत होता: पंपाची बॉडी ओतायची, हूक घडवायचा. ज्याला आकार अवघड त्याला भट्टी, ज्याला ताण झेलायचाय त्याला हॅमर. तिने हे त्यांना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नव्हती. पण दोघांना उत्तर नकोच होतं, दोघांना जिंकायचं होतं, आणि ती आपली मधल्या मधे पोळ्या वाढत बसायची.

त्या रविवारी मात्र धाकट्याने जरा जास्तच ताणलं. फोर्ज शॉपमध्ये जड डाय, म्हणजे घडणीचे पोलादी साचे, साखळीने वर उचलणारा एक हॉइस्ट होता. त्याच्या हुकाखाली, एकेक टनाच्या डायच्या बाजूला, धाकट्याचा अर्धा दिवस जायचा. तो म्हणाला, "त्या हुकाच्या जागी तुझा बिडाचा हूक लावलास ना, तर मी आत पाऊल टाकणार नाही. राजीनामा देईन."

थोरला हसला नाही. पाणी प्यायला आणि गप्प बसला. तो गप्प बसला तेव्हाच ताईने ओळखायला हवं होतं, पण तिला वाटलं, चला, आज लवकर आटोपलं.

गुरुवारी सकाळी महिन्याची तपासणी होती. ताई फोर्ज शॉपमध्ये शिरली तेव्हा हॉइस्टचा हूक रिकामा लोंबत होता आणि धाकटा खाली डायला साखळ्या बांधत होता. तिने सवयीने हातोडी काढली आणि हुकावर टोला दिला.

ठप्प.

तिने पुन्हा मारला. पुन्हा ठप्प. रंग तोच काळा होता, वळण तेच होतं, बाजूला कोरलेला नंबरसुद्धा तोच. तिने खिशातून मापाचा पत्र्याचा फर्मा काढून हुकाच्या तोंडात बसवला. सत्तावीस वर्षं जो फर्मा सैल जात होता तो अडकला.

आणि तिला सगळं कळलं. बीड थंड होताना आकसतं. म्हणून फौंड्रीत लाकडाचा नमुना नेहमी थोडा मोठा बनवतात. थोरल्याने आयुष्यभर तेच केलं होतं. या वेळी मात्र त्याने लाकडाचा नमुना न करता खरा हूकच वाळूत दाबला होता, म्हणून ओतलेला हूक आकसून लहान भरला. दोन्ही शॉपच्या हॉइस्टची देखभाल त्याच्याकडेच होती. सोमवारी सुट्टी होती, किल्ली खिशात होती, आणि डोक्यात रविवारचं ते वाक्य.

"हुकाखालून बाहेर हो," ती धाकट्याला म्हणाली.

"ताई, अजून दोन साखळ्या..."

"बाहेर हो म्हणते ना."

थोरल्याला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला, हुकाकडे बघितलं, ताईच्या हातातला फर्मा बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"रविवारी सांगणारच होतो," तो धाकट्याला म्हणाला. "पाच दिवस तू बिडाखाली उभा होतास, बघ काही झालं का, एवढंच म्हणायचं होतं. मी जपून ओतलाय, ताई. चांगला ओतलाय."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं हिने पोळ्या वाढल्या त्या यासाठी? पण ती ओरडली नाही. तिने हॉइस्टवाल्याला डाय चढवायला सांगितलं. हूक कुरकुरला, डाय जमिनीवरून उचलली गेली आणि डोक्याच्या वर जाऊन थांबली.

"जा," ती थोरल्याला म्हणाली. "उभा राहा तिच्याखाली."

सगळं शॉप बघत होतं. थोरल्याने वर पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबला. मग ते पाऊल त्याने मागे घेतलं.

ताईने हात खाली करून इशारा केला. डाय उतरवली, हूक काढला, ऐरणीवर ठेवला आणि घण धाकट्याच्या हातात दिला. एका घावात हुकाचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या जागी, नेमकं वळणाच्या पोटात, वाटाण्याएवढं भोक होतं. एरवी धाकट्याने ते भोक सगळ्या कारखान्यात मिरवलं असतं. त्याने घण खाली ठेवला आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

अहवाल ताईनेच लिहिला. साहेबांनी विचारलं, "नाव घालायचंय का? तुमचा सख्खा भाऊ आहे." तिने नाव घातलं. थोरल्याला तीन महिने घरी बसवलं आणि हॉइस्टची किल्ली काढून घेतली.

त्यानंतरच्या रविवारी ती धरूनच चालली होती की कोणी येणार नाही. दोघेही आले. समोरासमोर बसले आणि खाली मान घालून जेवू लागले. ज्या शांततेसाठी तिने बावीस वर्षं डोकं आपटलं ती शांतता आज घरात होती, आणि ती तिला दहा मिनिटंही सोसवेना.

"बोला की काहीतरी," ती शेवटी वैतागून म्हणाली. "आता काय मौन धरलंय?"

धाकट्याने भाजीच्या कढईकडे बघितलं. "ही बिडाचीच ना, ताई? भाजी कशी सगळीकडून सारखी शिजलीय. घडीव पत्र्याची असती तर बुडाशी करपली असती."

थोरल्याचा घास हातातच राहिला. तो घास ताटात परत ठेवून म्हणाला, "मी नाही उभा राहिलो रे. तुला दोन दिवस उभं केलं, आणि मी..."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. मग ताटातली पोळी उगाच मोडत राहिला. "दादा, तू नुसतं सांगितलं असतंस ना, हा मी ओतलेला आहे म्हणून, तरी मी उभा राहिलो असतो."

थोरला रडायला लागला. ताई पोळीचा डबा हातात घेऊन दोघांकडे बघत उभी राहिली. या दोघांत जास्त मूर्ख कोण हे सांगणारी हातोडी तिच्याकडे नव्हती. तिने दोघांच्या ताटात एकेक पोळी टाकली आणि स्वतःचं ताट घेऊन त्यांच्या मधे बसली.