आधी प्रश्न पोचू दे

"अहो बाई, पण माझ्या मिशीचा आणि त्या पोरीच्या परीक्षेचा संबंध काय?"

मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. आत गणिताचे सर चिडलेले होते आणि त्यांच्यासमोर एक ठेंगण्या बाई हातात छोटा आरसा घेऊन उभ्या होत्या. आत जावं की नको ते कळेना, म्हणून मी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून तिथेच थांबले.

"संबंध आहे ना, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा वरचा ओठ दिसतच नाही. सनाचं अर्धं गणित मिशीतच राहतं. तुम्हीच बघा. म्हणा, 'परिमिती'."

सरांनी आरशात बघून 'परिमिती' म्हटलं आणि सगळी स्टाफरूम हसली. सर उठून तासाला निघून गेले. पण सोमवारी ते मिशी कातरून आले. दोन दिवसांनी त्यांच्या मिसेसनी बाईंना डबाभर चिवडा पाठवला. सोबत निरोप होता, "मी सांगून सांगून थकले होते, तुम्ही करून दाखवलंत."

त्यांना सगळे फिरत्या बाई म्हणत. ज्या मुलांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी शाळा-शाळा फिरून शिकवणं हे त्यांचं काम. आमच्या पंचवटीतल्या शाळेत त्या आठवड्यातून दोनदा येत. स्कूटरच्या हुकला एक फुगलेली पिशवी अडकवलेली असे. तिच्यात आरसा, मोठ्या अक्षरांची कार्डं, श्रवणयंत्राचे सेल आणि एक गडद लिपस्टिक. त्या लिपस्टिकवर स्टाफरूममध्ये बरीच कुजबुज चाले. "या वयात!" कुणीतरी म्हणायचं. बाई मात्र वर्गाबाहेर उभ्या राहून ती सरळ सरळ लावायच्या, पेनला टोपण लावावं तशी. ओठ लांबून दिसावेत एवढाच त्यांचा हिशेब.

"तोंड इकडे." हे त्यांचं पालुपद. फळ्याकडे बघून बोलणाऱ्या शिक्षकांना, वहीत बघून पुटपुटणाऱ्या मुलांना, चहा ओतता ओतता काही सांगणाऱ्या शिपाईमावशींना, सगळ्यांना एकच. एका रविवारी मी आईबरोबर भाजी घ्यायला गेले होते, तेव्हा त्या मेथीवाल्याशी बोलताना दिसल्या. तो जुड्या बांधता बांधता खाली बघून भाव सांगत होता.

"दादा, तोंड इकडे."

"का हो बाई, ऐकू येत नाही का?"

"मला येतं हो. सवय लागलीय."

माझ्या आईने विचारलं, ह्या कोण. मी म्हटलं, आमच्या शाळेतल्या. एवढंच. मी कुणाबद्दल फारसं सांगत नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि दोन्हीकडे मी गप्प. या मराठी शाळेत मला तासिकेवर इंग्रजी शिकवायला घेतलं, कारण माझे उच्चार चांगले आहेत असं मुख्याध्यापक सरांना वाटलं. उच्चार चांगले असतीलही. पण ते माझ्या तोंडातून फारसे बाहेर येत नसत.

हे सगळ्यात आधी बाईंच्या लक्षात आलं. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून त्या माझा तास बघत होत्या. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "मॅडम, बोलताना तुमचे ओठ कुठे जातात हो? सुट्टीवर?"

मला रडू आलं असतं, पण त्या हसत होत्या आणि त्यांनी माझा हातही धरला होता. "रागावू नका. तुम्ही सनाच्या इंग्रजीच्या मॅडम. तुमचं तोंडच तिचं पुस्तक आहे."

सना पहिल्या बाकावर बसायची. दोन्ही कानांना यंत्रं होती, पण त्यांतून तिला नुसता आवाज कळे, शब्द नाही. शब्द ती ओठांवरून उचलायची. तुम्ही कधी वर्गात मागे बसून पाहिलंय का, आपण शिक्षक किती फिरतो? बाकांमधून चालतो, पाठ फिरवून लिहितो, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य खिडकीबाहेर बघत म्हणतो. सनाची मान त्या प्रत्येक फेरीबरोबर वळायची. आम्ही तिच्या पाठीमागे गेलो की तिथे तिचा धडा संपायचा.

बाईंनी सगळ्यांना एक सोपी गोष्ट सांगितली होती. शुद्धलेखन घालताना, तोंडी प्रश्न विचारताना, खिडकीसमोर एका जागी उभं राहा, उजेड तोंडावर घ्या आणि वाक्य संपेपर्यंत हलू नका. "आधी प्रश्न पोचू दे," त्या म्हणायच्या. "नापास काय, मग करूच की."

त्यांचं स्वतःचं इंग्रजी बेताचं होतं आणि त्यांना त्याची लाज नव्हती. मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर आरसा घेऊन बसायच्या. मी शब्द म्हणायचा, त्या ओठ बघायच्या, मग तसेच करून दाखवायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हां, असं! हसताना कसं तोंड उघडलं बघा." त्या काही आठवड्यांत मी जेवढी बोलले तेवढी कॉलेजच्या सगळ्या वर्षांत बोलले नसेन.

सनाचे वडील अंबडच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला. एकदा पालकसभेला आले. बाई त्यांना समजावू लागल्या, घरी सनाशी समोर बसून बोला, हळू बोला. ते हसले.

"बाई, हमारे यहां सब ऐसेच बोलते. मशीन चालू झालं की कोणालाच ऐकू येत नाही. सगळे तोंड बघूनच बोलतात. सना सहा महिन्यांची असल्यापासून मी तिच्याशी तसंच बोलतो." मग आवाज न काढता त्यांनी लेकीला काहीतरी म्हटलं. ती खुदकन हसली. बाईंनी विचारलं, काय म्हणालात? "मी बोललो, बाईंची लिपस्टिक भारी आहे."

त्या दिवशी बाई दिवसभर खुशीत होत्या.

सहामाहीला इंग्रजीची श्रवण परीक्षा होती. शिक्षकाने उतारा वाचायचा, मुलांनी ऐकून प्रश्नांची उत्तरं लिहायची. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिची ऐकण्याची परीक्षा. यातून सूट मिळते, पण त्यासाठी दिव्यांगाचं नवं कार्ड लागतं, कार्डासाठी सरकारी दवाखान्यात तपासणी लागते, आणि तिथलं मशीन दुरुस्तीला गेलेलं. सनाचे वडील सुट्ट्या टाकून टाकून हेलपाटे घालत होते. बाईंनी मुख्याध्यापक सरांना विनंती केली की तोवर सनाची परीक्षा वेगळी घेऊ, मॅडम समोर बसून वाचतील. सर म्हणाले, "बघा, करा तुमच्या पातळीवर."

वाचनालयाच्या खिडकीपाशी मी सनासमोर बसले आणि उतारा वाचला. बाई माझ्या बाजूला होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मध्येच माझा आवाज कापरा झाला तेव्हा त्यांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. सनाने सगळं लिहिलं. एक उत्तर चुकलं. बाकीची बरोबर.

चार दिवसांत स्टाफरूममध्ये पसरलं की बाईंनी उत्तरं सांगितली. कुणी तोंडावर बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर कुणी बोलत नाही. सरांनी ते गुण पेन्सिलने लिहून ठेवायला सांगितले, आणि नंतर ते खोडले गेले. बाईंना कळलं तेव्हा त्या नळावर हात धूत होत्या.

"पोरगी पास झाली की आपण फसवलं," त्या म्हणाल्या, "आणि नापास झाली की ती बहिरी. दोन्हीकडून आपण मोकळे." मग ओल्या हातांनीच त्यांनी पिशवी उचलली. त्या दिवशी त्यांनी "तोंड इकडे" कुणालाच म्हटलं नाही.

तुम्हाला वाटेल, त्या भांडल्या असतील. भांडल्या. अर्ज केले, वरच्या साहेबांना भेटल्या, परत आल्या. पण त्यांचं कामच दरवर्षी नव्या करारावर चाले. दिवाळीनंतर त्यांना आठवड्यातला एक दिवस माहिती भरायला ऑफिसात बसवलं, मग दोन दिवस. आमच्याकडे त्या कधीतरी येऊ लागल्या. आल्या की सना धावत जायची आणि आठवडाभराचं साचलेलं सगळं त्यांना एकदम विचारायची. बाई घड्याळ बघत उत्तरं द्यायच्या. घड्याळ बघताना त्यांची मान खाली जायची आणि सना थांबायची. एकदा माझ्यासमोर असं झालं आणि बाईंनी जीभ चावली. घड्याळ काढून त्यांनी पिशवीत टाकलं.

द्राक्षांच्या दिवसांत त्यांचा करार संपला. पुढचा आलाच नाही. त्या निफाडकडे भावाच्या घरी गेल्याचं कळलं, तिथे द्राक्षांच्या पॅकिंगला बायका लागतात. मी फोन करायला घाबरते, मेसेज केला. उत्तर नाही. वार्षिक परीक्षा जवळ आली तरी सनाचं कार्ड आलं नव्हतं, तेव्हा मात्र हिंमत करून फोन लावला. मागे बायकांचा गलका होता, खोकी ओढल्याचा आवाज होता.

"बाई, सनाच्या श्रवण परीक्षेचं काय करायचं?"

गलका जरा मागे पडला, त्या बाजूला आल्या असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, मी आता कोण? मी सांगून कोण ऐकणार?" आणि पुढे, "तुम्ही छान वाचता. ओठ उघडता आता." फोन त्यांनीच ठेवला.

मी मुख्याध्यापक सरांना विचारलं. म्हणजे चिठ्ठीवर लिहून दिलं. तोंडाने जमलं नाही. सरांनी चिठ्ठी वाचली. ते वाईट गृहस्थ नाहीत. "मॅडम, परीक्षा सगळ्यांना सारखी पाहिजे," ते म्हणाले. "एकीला वेगळी दिली की उद्या दहा पालक दारात. आणि यंदा आपल्याकडे सोय झालीय."

सोय म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले स्पीकर. प्रत्येक वर्गात भिंतीवर एक. नववीच्या सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी उतारा ऐकवायचा असं ठरलं होतं आणि त्यासाठी सरांनी माझा आवाज आधीच मोबाइलवर भरून घेतला होता. उच्चार चांगले म्हणून.

परीक्षेला सनाच्या वर्गावर पर्यवेक्षक मीच होते. घंटा झाली. भिंतीवरच्या खोक्यातून माझा आवाज आला, स्पष्ट, न कापणारा. सगळ्या मुलांनी माना खाली घातल्या. सनाने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं असावं, मी बोलतेय. माना खाली घालण्याआधी एकदोन मुलींनी हसून माझ्याकडे आणि स्पीकरकडे बघितलं होतं. आणि माझं तोंड बंद होतं.

उतारा दोनदा लागतो. दुसऱ्या वेळी मी खिडकीसमोर गेले आणि त्या आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. पण माझ्याजवळ कागद नव्हता. काही वाक्यं आठवली, काही मागे पडली, मी पकडायला गेले तोवर आवाज पुढच्या ओळीवर. सना डोळे न हलवता बघत राहिली. मग तिने हळूच मान हलवली, राहू द्या म्हणून, आणि पेन खाली ठेवलं. तिनेच माझी सुटका केली.

निकालात श्रवणाच्या रकान्यात शून्य आलं. लेखी पेपर तिने चांगला लिहिला होता, तरी इंग्रजीत ती थोडक्यात राहिली. दहावीला आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, म्हणून नववीत अडलेल्यांना बाहेरून बसायला सांगतात. सरांनी सनाच्या वडिलांना बोलावलं. विषयशिक्षक म्हणून मलाही.

सर संगणकाकडे बघत बोलत होते. बाहेरून बसली तर ताण कमी होईल, तिच्याच भल्याचं आहे. वडील मध्येच वळून प्रत्येक वाक्य आवाज न काढता लेकीला सांगत होते. एका ठिकाणी ते थांबले. 'बाहेरून' हा शब्द त्यांच्या ओठांवर येईना. तो त्यांनी दोनदा म्हटला तेव्हा तिला कळला.

"सर, अभ्यास करते हो ती," ते म्हणाले. "रात को भी करती. बाहेरून बसली तर तिला शिकवणार कोण? बाई पण गेल्या."

सर म्हणाले, "शून्य आहे ना श्रवणात. मी काय करू? मॅडमना विचारा, परीक्षा त्यांच्यासमोर झाली."

सगळे माझ्याकडे वळले. सनाने विचारलं. तिच्या त्या सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात, गरजेपेक्षा मोठ्याने, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं: "मॅडम, माझं काय चुकलं?"

सरांनी मला नजरेने गप्प राहायची खूण केली. मला तसं सांगायची गरज कुणाला कधीच पडत नाही. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्या क्षणी माझ्यासाठी तिथे दुसरं कुणीच नव्हतं. मी टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाले,

"तुझं काही चुकलं नाही, सना. आम्ही तुझी परीक्षा घेतलीच नाही."