एका बाजूने ऐकलेली गादी

"आणि वर मलाच विचारतेस, मी काय केलं? गादी ऐकायचं काम कुणाचं? तुझं. ऐकता ऐकता घोरत कोण पडलं होतं? तू. मग सुई काय आपल्या पायांनी चालत गेली आत?"

"आई, हळू बोला. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागतोय."

"लागू दे. या घरात सगळ्यांचेच डोळे लागलेले असतात. माझेच तेवढे उघडे!"

गादीच्या दुकानामागच्या खोलीत, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाच्या दोन बाजूंना सासू आणि सून उभ्या होत्या. सुनेच्या खांद्यावर दात येत असलेलं बाळ होतं आणि तिचे केस अर्धेच विंचरलेले होते. मध्ये मुलगा उभा होता. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली सुई होती, आणि ती उघडून दाखवावी की खिशात टाकावी हे त्याला सुचत नव्हतं. तो नुकताच थोरल्या पाळकबाबांच्या घरून आला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून पाळकबाबा अंथरुणाला खिळले होते, म्हणून चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी मिळून त्यांच्यासाठी नवी गादी करायला सांगितली होती. गादी काल संध्याकाळी पोचली. आज सकाळी म्हाताऱ्याने कूस बदलली आणि गादीतून सुई वर आली.

"फार लागलंय का?" सुनेने नवऱ्याला विचारलं.

"पाठीला ओरखडा आलाय. पण बाबा हसत होते."

"ते हसणारच," सासूबाई म्हणाल्या. "संत माणूस. पण मंडळी हसेल का? येत्या रविवारी सगळ्या बायका मला विचारणार, मार्थाबाई, गादीत सुया भरता की कापूस?"

मार्था हे त्यांचं खरं नाव नव्हे. फार वर्षांपूर्वी याच पाळकबाबांनी प्रवचनात, प्रभू येशू घरी आला असताना त्याच्या पायाशी न बसता स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिलेल्या मार्था नावाच्या बहिणीची गोष्ट सांगितली होती, आणि बोलता बोलता बाकावर बसलेल्या या गादीवालीकडे बघून डोळे मिचकावले होते. सगळी मंडळी हसली. बाईंना ते कौतुक वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी ते नाव पदकासारखं मिरवलं. त्या सगळ्यांच्या आधी उठत आणि सगळ्यांच्या नंतर पडत. रविवारी उपासनेहून आल्या की डोक्यावरचा पदर उतरवायच्या आधी दुकानाची फळी उघडत. "मेल्यावर झोपायचंच आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. उपासनेत कुणाची मान कलली की मागच्या बाकावरून त्या दोन बोटांनी खांद्यावर टकटक करत. मंडळीत त्यांच्या पुढच्या बाकावर बसायला कुणी तयार नसे.

नवऱ्याशी त्यांचं यावरूनच कधी पटलं नाही. दुपारी जेवण झालं की तो माणूस कापसाच्या गठ्ठ्यावर आडवा व्हायचा आणि तासाभराने ताजातवाना उठून पुन्हा टाके घालायला बसायचा. बाई त्याला कुंभकर्ण म्हणत, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. आत्ताही तो गठ्ठ्यावरच होता. पडल्या पडल्या तो म्हणाला, "अगं, आधी सुई बघ तरी."

"तुम्ही झोपा. तुमचं चालू द्या."

"झोपतोच आहे. पण सुई बघ."

आता गादी ऐकणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ही रीत या एकाच दुकानात आहे. मार्थाबाईंच्या सासऱ्यांनी ती घालून दिली. गादी शिवून झाली की ती बाहेर जाण्याआधी घरातल्या कुणीतरी तिच्यावर निजायचं, आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. डोळे मिटून अंगाने ऐकायचं, कुठे गाठ आहे, कुठे कापूस कमी पडलाय, कुठे टाका ओढला गेलाय. आणि ऐकत असताना, या गादीवर जो कुणी झोपणार असेल त्याला शांत झोप दे, एवढं मनातल्या मनात देवाकडे मागायचं. सासरे म्हणत, मागितल्याशिवाय गादी पुरी होत नाही. नव्या नवरीला, म्हणजे मार्थाबाईंना, भर दुकानात आडवं व्हायची लाज वाटली. ते काम त्यांनी नवऱ्यावर ढकललं, आणि सून आल्यावर सुनेवर. मनातून त्यांना ते आळशाचं काम वाटायचं. काम म्हणजे सुई चालणं. आडवं होणं हे कसलं काम?

मुलाने अखेर रुमाल उघडला.

सुई वीतभर लांब होती, टोकाशी किंचित वाकलेली. नेढ्याजवळ तांबड्या दोऱ्याचा वेढा होता. दुकानात तशा तीन सुया होत्या, पण तांबडा वेढा एकीलाच होता. ती सासूबाईंची सुई, त्यांच्या सासूने दिलेली. तिला दुसरं कुणी हात लावत नसे. कालपासून त्या तीच शोधत होत्या, आणि कुठे टाकलीत म्हणून नवऱ्याला दोनदा बोलूनही झालं होतं.

 नवऱ्याने डोळे मिटून घेतले, आणि तेच बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं.

"सुई माझी असेल," त्या म्हणाल्या. "पण ऐकायचं काम तर तिचं होतं ना? नीट ऐकली असती तर सापडली नसती?"

सुनेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती कधी उलटून बोलत नसे. आत्ताही तिचा आवाज चढला नाही.

"डाव्या कुशीवर ऐकली होती, आई. गाठ नव्हती. मग डोळा लागला. रात्रभर बाळ झोपलं नव्हतं. उजव्या कुशीवर वळणार, तेवढ्यात तुम्ही दंड धरून उठवलंत मला. म्हणालात, माझ्या दुकानात कुत्र्यासारखं पसरायचं नाही. गादी तशीच गुंडाळून पाठवलीत."

बाईंना ते आठवलं. दंड धरला होता, आणि जरा जोरातच. आत्ताही सुनेच्या दंडावर एक निळसर डाग होता. बाईंनी नजर तिथून काढून कापसाच्या ढिगावर ठेवली.

"मी माफी मागून येते बाबांची," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या.

वाटेत त्या मनात वाक्य जुळवत राहिल्या. सुई माझी होती, बाबा. एवढंच तर म्हणायचं होतं. बेकरीवालीने हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही. चांभाराच्या दुकानाशी त्या नेहमी थांबत, तिथेही थांबल्या नाहीत. पाळकबाबांच्या दारात पोचल्या तेव्हा वाक्य तयार होतं. पण खोलीत बाबांची मुलगी होती, गादी हातांनी दाबून दाबून बघत होती. तिला पाहिलं आणि त्यांच्या तोंडून बाहेर आलं, "काय सांगू, बाबा, आजकालच्या मुली. सून गादी ऐकता ऐकता झोपून गेली!"

बोलल्या आणि त्यांचे कान गरम झाले. पण शब्द बाहेर पडला होता.

"आणखी नाही ना हो काही आत?" मुलीने विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

"तू चहा टाक," पाळकबाबा मुलीला म्हणाले. ती गेल्यावर ते बाईंकडे वळले. "सुनेला माझा निरोप सांग. हाड मोडल्यापासून काल रात्री पहिल्यांदा मी सलग झोपलो. सुईच्या शेजारी झोपलो, आणि सकाळपर्यंत कूससुद्धा बदलली नाही. त्या मुलीने माझ्यासाठी मागितलं असणार."

 बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

"तू कशी आहेस, मार्था?"

"मला काय धाड भरलीय? काम आहे, हात आहेत. ही गादी दोन रात्री जागून केली तुमच्यासाठी. रविवारीसुद्धा बसले."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

बाबा थोडं हसले. "बरं. ये, प्रार्थना करू."

बाईंनी हात जोडले, मान खाली घातली. बाबांचा आवाज पूर्वीइतका खणखणीत राहिला नव्हता, पण ऊब तीच होती. त्यांनी मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी मागितलं, मग गादीवाल्यांच्या घरासाठी, मग बाळाच्या दातांसाठी. खिडकीतून ऊन थेट मांडीवर येत होतं. बाईंनी बाळाच्या दातांपर्यंत ऐकलं.

त्यानंतरचं त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन मांडीवरून उतरून भिंतीवर गेलं होतं. अंगावर कुणीतरी शाल टाकली होती. समोर चहाचा कप होता, त्यावर साय धरलेली. हनुवटीला ओलं लागलं, म्हणून हात लावला तर लाळ. दाराशी बाबांची मुलगी चपला हातात घेऊन अनवाणी चालली होती. खिडकीबाहेर दिसणारं कुणीतरी बेल वाजवायला गेलं, तर बाबांनी पलंगावरून बोट ओठांवर ठेवून त्याला थांबवलं. दुखऱ्या खुब्याचा म्हातारा उशीला टेकून ताठ बसला होता, एखाद्याने पहारा द्यावा तसा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खांद्यावर टकटक करणारी बाई पाळकबाबांसमोर, चालू प्रार्थनेत, तोंड उघडं टाकून झोपली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. त्या धडपडत उठू लागल्या.

"बस," बाबा म्हणाले. "आमेन अजून म्हणायचंय. तुझ्यासाठी थांबलोय."

"बाबा, मला क्षमा करा. मी… असं कधी होत नाही माझं."

"ते दिसतंच आहे." बाबा उशीला नीट टेकले. "होडीत वादळ होतं ना, तेव्हा प्रभू झोपला होता. शिष्य घाबरून ओरडत होते आणि हा उशीवर डोकं ठेवून झोपलेला. मी इतकी प्रवचनं केली त्यावर. पण इथे पडून राहायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा त्या उशीचा विचार केला. ती कुणी शिवली असेल? तुझ्यासारखंच कुणीतरी. त्याला उशी चालली, मार्था. तुला का चालत नाही?"

"मी झोपले तर दुकान कोण बघणार?"

"तेच विचारतोय. डोळे मिटणं म्हणजे काय? माणूस रोज रात्री म्हणतो, देवा, आता तू बघ. तू ते म्हणतच नाहीस. तुला वाटतं, एकट्याला झेपायचं नाही त्याला."

  शालीच्या आत बाईंचे हात एकमेकांना घट्ट धरून होते. देवाची भक्ती म्हणून त्या जे मिरवत होत्या, तो त्याच्यावरचा अविश्वास होता, आणि हे समोरच्या माणसाला किती वर्षं दिसत होतं कोण जाणे. कदाचित त्या प्रवचनापासून. तेव्हाचं ते डोळे मिचकावणं कौतुकाचं नव्हतं, हेही त्यांना आत्ता, थंड चहासमोर कळलं.

"सुई माझी होती," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवर झापड होती, टाका घालता घालता आतच राहिली असणार. आणि सून दुसऱ्या बाजूने ऐकणार होती, तर मीच तिला ओढून उठवलं. दंडावर डाग पडलाय तिच्या. आणि इथे येऊन तिचंच नाव सांगितलं."

"हे तू मला कशाला सांगतेस? सुई मला टोचली, ते मी विसरलो." बाबांनी डोळे मिटले. "आमेन."

"आमेन," बाई म्हणाल्या.

जाताना त्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि बाबांच्या मुलीला म्हणाल्या, "मघाशी मी खोटं बोलले. सुनेची चूक नव्हती. सुई मीच विसरले." मुलगी "असू दे हो" म्हणाली, पण बाईंचं तोंड जे लाल झालं ते घरी पोचेपर्यंत तसंच होतं. बेकरीवालीने पुन्हा हाक मारली. आता त्या थांबल्या आणि "झोपून आले" असं म्हणाल्या, कारण बेकरीवालीने विचारलंच ते होतं, "मार्थाबाई, गालावर खुर्चीचे वळ कसे उठले?"

दुकानात मुलगा पिशवी बांधत होता. "तिला चार दिवस माहेरी सोडतो," तो आईकडे न बघता म्हणाला. "जरा झोप तरी मिळेल तिला."

सून बाळाला घेऊन दाराशी उभी होती. तिचे डोळे सुजले होते. नवरा गठ्ठ्यावर उठून बसला होता. दुपारी, जेवणानंतर, बसलेला.

मार्थाबाईंनी कमरेची दुकानाची किल्ली सोडली आणि मुलाच्या हातात दिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाची अर्धी शिवलेली गादी मध्ये पसरलेली होती. तिच्यातून चौकोनी उन्हात कापसाची धूळ उडत होती. त्यांनी सुनेच्या हातातून बाळ घेतलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. मग सुनेच्या दंडावरच्या डागावर हात ठेवला, आणि लगेच काढलाही, कारण आपला हात आपल्यालाच जड वाटला.

"सुई माझी होती, ते पाळकबाबांना सांगितलं. त्यांच्या मुलीलाही सांगितलं, रविवारी सगळ्यांना सांगेन," त्या म्हणाल्या. "पिशवी सोड रे. तिला माहेरी जायचं तर हौसेने जाऊ दे, माझ्या जाचाने नाही. ती आता आत जाऊन झोपेल, आणि तिला कुणी उठवायचं नाही. बाळ आजोबांकडे राहील. यापुढे रविवारी दुकान उघडायचं नाही. आणि गादी मी ऐकणार, दोन्ही बाजूंनी."

त्यांनी चपला काढल्या आणि अर्ध्या शिवलेल्या गादीवर, सगळ्यांसमोर, डाव्या कुशीवर आडव्या झाल्या.